10 महिन्यांच्या बाळाला दिवसभर घरी कसे रमवावे, आणि परसात चूल मांडून स्वयंपाक करणे जमते का?

आपण लिहिले आहे की बाळ 10 महिन्यांचे आहे, दिवसाचा बराचसा वेळ आपण त्याच्यासोबत एकट्याच असता, घरात खेळणी पुष्कळ असूनही ते कशातच रमत नाही, आणि घरामागे मोकळी जागा असल्याने थंडीत तिथे चूल मांडावी असे आपल्या मनात आहे. मी अलिबाग तालुक्यात, रेवदंड्याच्या बाजूला राहतो. घराला लागून नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. पत्नी शिक्षिका असल्याने सकाळी साडेसहापासून दुपारी दीडपर्यंत आमची मुलगी माझ्याकडे असते; ती आता 11 महिन्यांची आहे. तेव्हा हे उत्तर कोणा तज्ज्ञाचे नसून, वाडी शिंपणे, कुकर लावणे आणि मधल्या वेळात लंगोट धुणे यांत ज्याची सकाळ जाते अशा एका बापाचे आहे, हे धरून वाचावे.

खेळण्यांविषयी माझे मत आता बऱ्यापैकी पक्के झाले आहे. बारशापासून आजवर बटण दाबताच गाणे म्हणणारी चार-पाच खेळणी आमच्याकडे आली आणि त्यांत मुलीपेक्षा पाहुण्यांनाच अधिक रस असल्याचे दिसले. बटण दाबले, गाणे वाजले, की तिला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ओट्याखालचा सर्वांत खालचा कप्पा आम्ही तिला देऊन टाकला. त्यात एक तांब्या, तीन वाट्या, एक फुलपात्र, पिठाची जुनी चाळण, पत्नीची एक पितळी बांगडी आणि काचेने खरवडून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या, एवढाच ऐवज आहे. मी पोळ्या लाटत असतो तेव्हा ती माझ्यापासून चार हातांवर बसून बांगडी तांब्यात टाकते. ठण्ण असा आवाज झाला की आधी माझ्याकडे पाहते, मग तांब्यात डोकावते आणि शेवटी हात घालते. हात आत जातो, बांगडी सापडते, पण बांगडी धरलेली मूठ तांब्याच्या गळ्यातून बाहेर येत नाही. पहिल्या दिवशी ती यावर रडली. नंतरचे चार-पाच दिवस तिने तांब्या हातासकट जमिनीवर आपटून पाहिला. मी मध्ये पडलो नाही, कारण हात कुठे अडकून दुखत नव्हता. फक्त मूठ सोडायची होती. मग एका सकाळी तिने हात मोकळा काढून घेतला, तांब्याकडे काही वेळ पाहिले आणि तो उपडा केला. तेव्हापासून हा खेळ रोज होतो, कधी वीस मिनिटे, कधी तीनच. या वयात भरणे आणि रिकामे करणे हेच मुलांचे मोठे काम असते, त्यामुळे बाळ सारखी खेळणी फेकते अशी आपली जी तक्रार आहे, ती मला तक्रार वाटतच नाही.

एक चूक मात्र आपण माझ्यासारखी करू नये. खुळखुळ्याऐवजी म्हणून मी प्लॅस्टिकच्या बाटलीत मसूर भरून दिला होता आणि झाकण नुसते हाताने घट्ट केले होते. दहाव्या मिनिटाला झाकण एकीकडे, बाटली दुसरीकडे आणि मसुराचे सात दाणे तोंडात, असे दृश्य दिसले. मोजून सात, कारण ते बोटाने मीच बाहेर काढले. घाबरून तोंडात असे बोट फिरवणेही बरोबर नाही, कारण दाणा त्याने आणखी आत ढकलला जाऊ शकतो. डोळ्यांना दिसतो तेवढाच अलगद उचलावा. कडधान्य, शेंगदाणे, चिंचोके, सुपाऱ्या अशा श्वासनलिकेत अडकू शकणाऱ्या वस्तू आता जमिनीपासून कमरेच्या वर ठेवतो. वाडीत सुपाऱ्या खाली पडतच असतात, त्यामुळे तिची चटई अंथरण्यापूर्वी तेवढी जागा खराट्याने झाडून घ्यावी लागते.

पाण्याचा खेळ आम्ही आठवड्यातून दोन-तीनदा करतो. परातीत दोन बोटे पाणी आणि एक करवंटी, बाकी काही नाही. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून दारात कोणी हाक मारली तर मी मुलीला उचलूनच जातो आणि खेळ संपताच परात नारळाच्या आळ्यात ओततो. तोंडावर पंचा धरून ‘बुवाऽऽ कुक’ करण्याचा खेळ आपल्याला माहीत असेलच. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून, दिसेनासे झालेले माणूस कुठेतरी आहेच हे मुलांना उमगू लागते आणि खरी गंमत तिथून सुरू होते. आता आमची मुलगी स्वतः पंचा ओढते. संध्याकाळी घरात दोघेही असलो तर सुपारीच्या झाडाची गळलेली रुंद विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे जाड आवरण, घेऊन तीत तिला बसवतो. एकाने मागून धरायचे आणि दुसऱ्याने झावळीच्या बाजूने हळूहळू ओढायचे. लहानपणी आम्हीही अशाच गाड्या ओढल्या, फक्त आमचा वेग जास्त होता आणि गुडघे फुटलेले असत.

स्वयंपाकाच्या वेळी बाळाला खुर्चीत बांधून ठेवणे सोपे वाटते आणि मीही ते करून पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, एवढ्या लहान मुलांना एका वेळी एक तासाहून अधिक काळ असे जखडून ठेवू नये आणि एक वर्षाच्या आतील मुलांना पडद्यापुढे मुळीच बसवू नये. त्यामुळे मी स्वयंपाकाचेच तुकडे पाडले. ती सकाळी झोपते त्या पाऊण तासात फोडणी, तळण आणि कुकर, म्हणजे उकळते किंवा उडते असे सर्व काही उरकतो. ती जागी झाल्यावर भाजी निवडणे, पीठ मळणे, शेंगा सोलणे. चवळीची जुडी निवडायला बसलो की तिलाही चार पाने देतो. त्यातील निम्मी चुरगळली जातात आणि एखादे तोंडात जाऊन लगेच बाहेर येते. तिचे स्वतःचे जेवण वाडीतूनच निघते: लाल भोपळा, दुधी, रताळे, केळे, आणि मूगडाळ-तांदळाच्या मऊ खिचडीत शेवग्याचा कोवळा पाला. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मीठ-साखर घालत नाही, आणि मध तर घरातील वडीलधाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी बोटालाही लावून देत नाही, कारण मधातून होणारी विषबाधा या वयात जिवावर बेतू शकते.

आता आपल्या चुलीविषयी. एकट्याने रांगते मूल आणि उघडा विस्तव या दोन्हींवर लक्ष ठेवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मी एकटा असतो त्या दिवशी परसातील चूल पेटत नाही. दुसरे माणूस असेल तर अवश्य मांडावी, पण एकजण केवळ आगीचा आणि एकजण केवळ बाळाचा, अशी वाटणी आधीच ठरवून. धुराचाही विचार करावा लागतो. आमच्याकडे दिवसा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून, खारे वारे वाहतात, म्हणून दुपारनंतर चूल पूर्वेला आणि बाळाची चटई पश्चिमेला. पहाटे मतलई वारे उलट दिशेने येतात, तेव्हा ही मांडणी फिरवावी लागते. आपल्याकडे वारा कसा असतो ते उदबत्ती लावून दोन वेळा पाहून घ्यावे.

या जानेवारीत आम्ही वाडीत पोपटी लावली, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा घालून भोवती आग पेटवून शिजवल्या. भात कापून झाल्यावर त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल होतो आणि थंडीत त्याच्या शेंगा भरतात. त्याच सुमारास बांधावर भांबुर्डा हे उग्र वासाचे रानझुडूप माजते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि जाड मीठ लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, आणि तोंडाशी पुन्हा घट्ट कोंबलेला पाला. पाणी किंवा तेल मुळीच नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, सुक्या झावळ्या आणि करवंट्या पेटवल्या की अर्ध्या-पाऊण तासात आतील सर्व जिन्नस पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर शिजतात. मडक्यावर पाण्याचा हबका मारावा. चर्र होऊन पाणी तत्क्षणी उडाले तर झाले असे समजावे. पोपटी खरी रात्रीची, पण मुलगी सात वाजता झोपते म्हणून आम्ही ती चारलाच लावली आणि शेजाऱ्यांची थट्टा सहन केली. तिच्या वाटचे एक रताळे आणि एक अंडे मीठ न लावता केळीच्या पानात बांधून त्याच मडक्यात ठेवले होते. ती आजीच्या मांडीवर बारा-पंधरा पावलांवर बसून ज्वाळांकडे टक लावून पाहत राहिली. करवंटी फुटल्याचा आवाज झाला की दचके आणि नंतर हसे. रताळे फोडल्यावर वाफ जाण्यास वाटले त्याहून बराच अधिक वेळ लागला. ते कुस्करून माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिले आणि मगच तिला दिले. भांबुर्ड्याचा तो उग्र वास तिला चालेल की नाही अशी शंका होती. तिने पहिला घास बाहेर काढून बोटांनी तपासला, परत तोंडात घातला आणि अर्धे रताळे संपवले.

आगीची जागा त्या संध्याकाळी वरून काळी आणि थंड दिसत होती, पण राखेखालचे निखारे रात्री नऊ वाजताही फुंकर मारताच लाल झाले. म्हणून चर्र असा आवाज पूर्ण थांबेपर्यंत आम्ही त्यावर बादल्या ओतल्या, वर ओली माती टाकली, आणि दुसऱ्या दिवशी मुलीची चटई वाडीच्या दुसऱ्या टोकाला घातली.