'वॉटर प्रोटेक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉकच्या तेलवाहिनीविरोधी लढ्यावर लिहिताना, तिथे छावणी टाकून बसलेल्यांनी स्वतःसाठी वापरलेल्या 'वॉटर प्रोटेक्टर'ला 'जलरक्षक' म्हणावं, की सरळ 'आंदोलक'?

'आंदोलक' तर नकोच, कारण ते नाव त्या लोकांनी स्वतःच नाकारलं होतं. डकोटा अ‍ॅक्सेस ही सुमारे 1,900 किलोमीटर लांबीची वाहिनी नॉर्थ डकोटातलं कच्चं तेल इलिनॉयला नेते आणि वाटेत मिसूरी नदीवरच्या ओआहे जलाशयाखालून जाते. तिथून अर्ध्या मैलावर, नदीच्या खालच्या अंगाला, स्टँडिंग रॉक सू या मूळनिवासी जमातीची हद्द लागते. बिस्मार्क शहराच्या उत्तरेकडून जाणारा मार्गही आधी विचारात होता. तो सोडला, त्याचं एक कारण शहराच्या पिण्याच्या पाण्याला असलेला धोका! 2016 साली छावणी टाकून बसलेल्यांचं म्हणणं मग एवढंच होतं की आम्ही निदर्शनं करायला नाही, पाणी सांभाळायला बसलोय. समोरची बाजू मात्र 'दंगल' हा शब्द वापरत होती. तिथलं चित्रण करणाऱ्या पत्रकार एमी गुडमन यांच्यावरही दंगलीचा आरोप ठेवायचा प्रयत्न झाला. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. कोणाला काय म्हणायचं यावर तिथे खटले अवलंबून होते.

'जलरक्षक' कोशात बसेल, पण 'रक्षक' म्हटलं की डोळ्यांपुढे गणवेश येतो. सुरक्षा रक्षक, अंगरक्षक, वनरक्षक, सगळे नेमलेले आणि पगारी. स्टँडिंग रॉकला असे रक्षक होते, पण ते कंपनीच्या बाजूचे. सप्टेंबर 2016 मध्ये लोकांवर कुत्री घातली गेली ती त्यांचीच. म्हणजे शब्द नेमका उलट्या बाजूला जाऊन पडतो.

माझं मत 'पाण्याचे राखणदार'ला. राखण आपल्या शेताची, आपल्या गावाची करतात. त्यासाठी नेमणूकपत्र लागत नाही. कोकणात नि गोव्यात तर राखणदार म्हणजे वेस सांभाळणारं दैवत, त्यामुळे शब्दाला श्रद्धेची बाजूही आपोआप मिळते. आणि ती इथे हवीच, कारण छावणीत प्रार्थना हा रोजचा भाग होता. कोणीतरी 'तळे राखी तो पाणी चाखी' काढणार, हे गृहीत धरलंय. काढू दे. इथे चाखणाऱ्यांनीच राखायला बसायचं ठरवलं होतं.

त्यांची घोषणा होती 'म्नी विचोनी'. लकोटा या सू लोकांच्या भाषेत म्नी म्हणजे पाणी (मिनेसोटातलं 'मिने' याच कुळातलं), विचोनी म्हणजे जीवन. 'जल हेच जीवन' असं भाषांतर करायचा मोह होतो, पण ते आपण पाण्याच्या टाक्यांवर इतकं रंगवलंय की आता कोणी वाचतही नाही. शिवाय संस्कृतात 'जीवन' हा पाण्याचाच एक पर्याय आहे, अमरकोशात जलाच्या नावांतच तो दिलाय. म्हणजे वाक्य जवळजवळ 'पाणी हेच पाणी' होतं! मी मूळ घोषणा तशीच ठेवून पुढे 'पाणी म्हणजे जगणं' लिहीन.

जाता जाता, याच लेखात तुम्हाला 'ट्रीटी' हा शब्दही लागेल. तिथे 'करार' लिहू नका, 'तह' लिहा. फोर्ट लॅरमीला 1851 आणि 1868 साली जे झालं ते अमेरिकेचं सरकार आणि सू व इतर मूळनिवासी राष्ट्रं यांच्यात झालं. करार आपण भाडेकरूशीही करतो.