हस्तक्षेप नको, खोडा म्हणा

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांची मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते आणि मराठीत एक लेख लिहितेय, त्यात एक प्लास्मिड दुसऱ्या प्लास्मिडच्या ट्रान्सफरमध्ये 'इंटरफिअर' करतो असं येतं, तर तिथे हस्तक्षेप लिहू की व्यत्यय, आणि 'फर्टिलिटी इनहिबिशन'ला प्रजननरोध चालेल का?

ताई, प्रजननरोध अजिबात नको. प्लास्मिड म्हणजे बॅक्टेरियाच्या पेशीत मुख्य क्रोमोसोमपासून वेगळा राहणारा डीएनए, बहुतेक वेळा गोल कड्यासारखा, आणि त्यातले काही एका पेशीतून दुसऱ्या पेशीत स्वतःची कॉपी पाठवू शकतात. पहिल्यांदा सापडला त्याला एफ म्हणाले, एफ म्हणजे फर्टिलिटी, तिथून ते नाव चिकटलं, आणि असा ट्रान्सफर अडवणं म्हणजे 'फर्टिलिटी इनहिबिशन'. पण ट्रान्सफर अडला तरी पेशी मजेत दुप्पट होत असते, तिचं प्रजनन कुणीच रोखलेलं नसतं, मग प्रजननरोध वाचून माणूस भलतंच समजणार. व्यत्यय संस्कृतात मुळात उलटापालट, पाणिनीचं 'व्यत्ययो बहुलम्' त्याच अर्थाचं, आज आपण तो अडथळा म्हणून वापरतो ते ठीकच आहे, पण व्यत्यय म्हटलं की लाइट गेले, पाऊस आला, असं आपोआप झाल्यासारखं वाटतं. हस्तक्षेपात कुणीतरी हात घातला एवढं कळतं पण काय अडलं ते कळत नाही.

माझं मत खोडा. खोडा म्हणजे दोन जाड लाकडी ओंडके, मध्ये पायाच्या मापाची भोकं, त्यात कैद्याचे पाय अडकवून ठेवायचे. कैदी जिवंत असतो, खातो, बोलतो, फक्त चालू शकत नाही. इथे अगदी हेच होतं! एकाच पेशीत आरपी४ आणि एफ असे दोन प्लास्मिड असले तर एफचा पिफसी नावाचा प्रोटीन आरपी४ च्या ट्राजीला आडवा येतो, आणि हा ट्राजी म्हणजे डीएनए बाहेर जायच्या नळीच्या तोंडाशी आणून देणारा. आरपी४ च्या कॉप्या होत राहतात, पेशी दुभंगली की दोन्हीकडे जातो, पण शेजारच्या पेशीत जाणं जवळजवळ थांबतं. म्हणजे पायच अडकले.

आता गंमत बघा, एफलाही खोडा घालणारे आहेत. जपानमध्ये आमांशाच्या शिगेला ह्या बॅक्टेरियातून मिळालेला आर१०० हा अँटिबायोटिकला दाद न देणारे जीन वाहणारा प्लास्मिड, तो एफचा ट्रान्सफर दाबतो. त्याच्याकडे फिनओ नावाचा प्रोटीन आहे, तो फिनपी ह्या छोट्या आरएनएला टिकवून धरतो, आणि फिनपी ट्राजे हा प्रोटीन बनू देत नाही, म्हणजे ट्रान्सफरचे सगळे जीन चालू करणारा मुकादमच गायब. हे आर१०० स्वतःलाही करतो, मग स्वतःच्या बाबतीत खोडा कसा म्हणणार, तिथे 'आवर घालतो' लिहा. एफचा स्वतःचा फिनओचा जीन मात्र मोडलेला, त्यात आयएस३ नावाचा डीएनएचा तुकडा मधेच घुसून बसलाय, म्हणून एकटा असला की एफ कायम सुटलेला असतो, त्याला आवर नाही.

एक फरक मुलीला नक्की सांगा कारण इथे सगळे गोंधळतात. खोडा घातला जातो तो प्लास्मिड देणाऱ्या पेशीत. घेणाऱ्या पेशीत आधीच एफ असेल तर ती दुसरा एफ सहसा आत घेत नाही, तिच्या बाहेरच्या आवरणात ट्राटी आणि आतल्या आवरणात ट्राएस हे प्रोटीन बसलेले असतात. सकाळी ठाण्याला ट्रान्सहार्बरची गाडी भरली की दारातले लोक खालच्यांना चढू देत नाहीत ना, तसं. ह्याला मज्जाव. आणि दोन प्लास्मिड एकाच पेशीत आहेत पण कॉप्यांचं कंट्रोल सारखंच, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही टिकत नाहीत, एक गळतो, त्याला पुस्तकात विसंगतता म्हणतात, मी म्हणेन 'एकत्र नांदत नाहीत'. सासर-माहेरचा शब्द वाटेल, पण नांदणं म्हणजे एका घरात टिकून राहणं, आणि इथे प्रश्न तोच आहे.

वाक्य असं करता येईल: 'एफ हा आरपी४ च्या ट्रान्सफरला खोडा घालतो.' 'ट्रान्सफरमध्ये खोडा घालतो' पण चालेल, दोन्ही बोलण्यात आहे. ट्रान्सफरला स्थलांतर मात्र लिहू नका, पहिल्या पेशीतही एक कॉपी राहतेच, प्लास्मिड तिथून निघून जात नाही.