जेंटूची पारख कशी करावी?

प्रश्न : गेली आठ वर्षे मी घरी डेबियन लिनक्स वापरत आहे आणि कमांड लाइनची मला सवय आहे. नुकताच आठ कोअरचा प्रोसेसर व १६ जीबी रॅम असलेला संगणक घेतला. जेंटू लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याच प्रोसेसरसाठी कंपाईल होत (म्हणजे मूळ कोडपासून आपल्याच संगणकावर तयार होत) असल्याने संगणक बराच वेगवान होतो, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का? जेंटू माझ्या उपयोगाचे आहे की नाही, हे कसे ठरवावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : केवळ वेगासाठी जेंटू घेणार असाल, तर घेऊ नये. व्हिडिओ किंवा गणिती कामाची बरीचशी सॉफ्टवेअर चालू होतानाच प्रोसेसरची क्षमता ओळखून योग्य तो कोड निवडतात. त्यामुळे रोजच्या वापरात फरक जाणवेलच असे नाही.

जेंटूचे खरे बळ ‘यूझ फ्लॅग’मध्ये, म्हणजे पॅकेजमधील एखादी सोय चालू वा बंद करणाऱ्या खुणांमध्ये आहे. डेबियनमध्ये एखाद्या पॅकेजमध्ये कोणत्या सोयी असाव्यात हे ते बांधणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. जेंटूमध्ये तो निर्णय आपला असतो. घरी प्रिंटर नसेल आणि आपण ‘कप्स’ हा छपाईचा फ्लॅग बंद केला, तर ज्या पॅकेजेसमध्ये तो उपलब्ध आहे त्यांत छपाईचा भाग कंपाईलच होत नाही, आणि त्यासाठी लागणाऱ्या लायब्ररीही येत नाहीत. संगणक सुरू होताना सेवा चालू करणारी प्रणाली सिस्टमडी हवी की ओपनआरसी, हेसुद्धा प्रोफाइल (मूळ सेटिंग्जचा तयार संच) निवडतानाच ठरवता येते. मात्र एक फ्लॅग बदलला की त्याच्याशी संबंधित पॅकेजेस पुन्हा कंपाईल करावी लागतात, आणि फ्लॅगांचा आपसांत मेळ बसला नाही तर पोर्टेज ही जेंटूची पॅकेज-व्यवस्था लांबलचक तक्रार करून थांबते. ती तक्रार शांतपणे वाचण्याची तयारी हवी. नवखे बहुधा इथेच कंटाळतात.

कंपाईल करताना प्रत्येक समांतर कामामागे साधारण २ जीबी रॅम धरावी, असा प्रघात आहे. या हिशेबाने आपल्या १६ जीबीत आठ कामे जेमतेम बसतात. डेस्कटॉप चालू ठेवायचा असल्यास सहाच द्यावीत. क्रोमियम ब्राउझरसारखी पॅकेजेस काही तास घेतात. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यातल्या खोलीत हा उद्योग आरंभण्यापेक्षा तो रात्रीवर टाकावा. वीज गेल्यास ‘इमर्ज’ची (पोर्टेजच्या पॅकेज बसवणाऱ्या कमांडची) यादी पुढे चालू करता येते, पण अर्धवट राहिलेले पॅकेज सहसा पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा यूपीएस असलेला बरा. डिसेंबर २०२३ पासून जेंटू प्रकल्पच तयार बायनरी पॅकेजेस मोठ्या प्रमाणावर देऊ लागला असून, आपले फ्लॅग त्यांच्याशी जुळतात तिथे ती वापरता येतात. अर्थात ती आपल्याच प्रोसेसरसाठी बांधलेली नसतात, म्हणजे मित्रांचा मूळ मुद्दा तिथे उरतच नाही.

इन्स्टॉलेशन यशस्वी झाले म्हणजे पारख झाली, असे समजू नये. जेंटूचे हँडबुक (मार्गदर्शक पुस्तिका) नीट वाचणाऱ्याला ते जमते. डेबियन तसेच ठेवून वेगळ्या पार्टिशनवर जेंटू टाकावे आणि दोन महिने दर आठवड्याला अपडेट करावे. ही रोलिंग डिस्ट्रो, म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत अपडेट होत राहणारी लिनक्स प्रणाली, असल्याने अनेक महिने अपडेट टाळल्यास गुंता वाढतो. दोन महिन्यांनी ‘मेक डॉट कॉन्फ’ ही फ्लॅग व कंपाईलची सेटिंग्ज लिहायची फाइल उघडून पाहावी. तिच्यात आपण स्वतः विचार करून घातलेले फ्लॅग असतील, तर जेंटू ठेवावे. दुसऱ्या कुणाच्या फाइलमधून उतरवलेल्याच ओळी असतील, तर डेबियनवरच राहावे.