स्पोर्ट बाईकचं इंजिन मोठं म्हणजे गाडी जड आणि महाग, असं काही गणित आहे का?

नाही. असं सरळ गणित नाही. पण हेच वाक्य ऐकवून ऐकवून आमच्या दादाने मला नको ती गाडी घ्यायला लावली, म्हणून लिहायला बसले.

2018 चा दसरा. कावासाकीची निंजा 400 त्याच वर्षी आलेली आणि मला तीच हवी होती. दादाचं एकच पालुपद, "चारशे सीसी तुला झेपणार नाही, तीनशे घे, हलकी असते." मी पाच फूट एक इंच, त्यामुळे आईसुद्धा त्याच्याच बाजूने. मी मोबाईलवर आकडे काढून दाखवले, निंजा 300 चं वजन 179 किलो आणि 400 चं 170 च्या आसपास, तर म्हणतो टाईप करताना चुकलं असेल! अरे बाबा, 300 चा सांगाडा जुन्या निंजा 250 च्या काळातला, 400 ला नवी ट्रेलिस फ्रेम, म्हणजे नळ्यांच्या जाळीचा सांगाडा, त्यात इंजिनच भार घेतं म्हणून लोखंड कमी लागतं. पॉवर 39 पीएसच्या जागी 49. पण घरात ऐकतंय कोण, 300 आली.

तिसऱ्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर साइड स्टँड नीट लागला नव्हता आणि गाडी आडवी. दादा मागे त्याच्या बुलेटवर. लगेच, "बघ, म्हटलं होतं ना जड आहे." तूच हलकी म्हणून गळ्यात मारलीस ना रे? मी हँडल पूर्ण वळवलं, सीटला पाठ टेकवली आणि पायांनी मागे रेटत एकटीने उभी केली, तो हेल्मेट काढेपर्यंत झालं पण होतं. आता त्याच्याकडे क्लासिक 350 आहे, वजन 195 किलो. बीएमडब्ल्यूची एस 1000 आरआर, 999 सीसी, 197 किलो. दोन किलोचा फरक! दरवर्षी राखी बांधताना आठवण करून देते.

किंमतीचं म्हणाल तर सिलिंडर किती, इलेक्ट्रॉनिक्स काय, गाडी इथे बनते की बाहेरून येते, यावर जास्त. निंजा 400 दोन सिलिंडरची, सव्वापाच लाखांना मिळत होती तेव्हा 2023 मध्ये कावासाकीचीच झेडएक्स-4आर आली, सीसी तेवढेच 399 पण सिलिंडर चार, एक्स-शोरूम 8.49 लाख. सीसी बघतं ते सरकार. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत 18 टक्के जीएसटी आणि त्याच्या वर थेट 40, थर्ड पार्टी इन्शुरन्सचा वरचा स्लॅबही 350 नंतरच लागतो. त्यामुळे घ्यायची असेल तर ती रेघ बघा, आणि वजनाचा आकडा वाचून ठरवू नका, शोरूममध्ये गाडी बंद ठेवून बसल्या बसल्या पायांनी मागे ढकलून बघा, लगेच कळतं.

हां, अगदीच टोकं घेतली तर सीसीबरोबर वजन वाढतंच, यामाहाची दीडशे सीसीची आर15 एकशे चाळीस किलोच्या आसपास आणि निंजा 650 दोनशेच्या जवळ, ते नाकारत नाही. आणि तेव्हा 300 होती 2.98 लाखांना, 400 होती 4.69 ला, पैसे बाबांचे. "एवढे पैसे नाहीत" असं दादा म्हणाला असता तर मी गप बसले असते. पण तो भांडला वजनावरून, आणि अजून म्हणतो टाईप करताना चुकलं असेल.