पोस्टर नंतर लावा, आधी केसपेपर शिकवा

मॅडम, दहावी-अकरावीची मुलं सुट्टीत कॅनिंगला (आंब्याचा गर डबाबंद करायच्या कारखान्यात), काजूच्या कारखान्यात, जेटीवर बर्फाच्या कामाला जातात. त्यांना कामावरच्या अपघातांबद्दल एका तासात काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. सोबतची मुद्द्यांची यादी पाहिली. बूट, हेल्मेट, प्रथमोपचार सगळं ठीक आहे, त्यावर मी लिहीत बसत नाही. यादीत एक गोष्ट नाही, दवाखान्याच्या केसपेपरवर अपघात खरा कसा झाला ते लिहून घेणं, आणि नेमकी तीच मला महागात पडली. मला म्हणजे, माझ्या विद्यार्थ्याला.

मी राजापूर तालुक्यात हायस्कूलला शिकवतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या शेवटी, आमचा एक सोळा वर्षांचा मुलगा आंब्याच्या कॅनिंगमध्ये लागला होता. गर काढायच्या यंत्रात साली अडकल्या की पट्टा हाताने ओढून द्यायचा, अशी तिथली रीत. बटण चालूच. पट्ट्यावरची जाळी काढून भिंतीला टेकवलेली, कारण दर वेळी धुताना चार नट कोण सोडणार? साल सुटली, पट्टा फिरला आणि उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली.

मला फोन आला म्हणून मीही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मुलगा तोंड उघडायच्या आत मुकादम म्हणाला, "घरच्या पंपाच्या पट्ट्यात." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मालक आमच्या शाळेचा देणगीदार, आणि सगळा खर्च करतो म्हणाला होता. तेवढ्या एका मानेवर केसपेपरवर 'घरी अपघात' असं लिहिलं गेलं.

पहिलं बिल मालकाने भरलं. गणपतीपर्यंत फोन उचलणं बंद. मग म्हणायला लागला, मुलगा कामावर नव्हताच, मावशीला डबा द्यायला आला होता. हजेरीच्या वहीत नुसतं पहिलं नाव, पगार रोख. नुकसानभरपाईसाठी एका कार्यालयात गेलो (कुठलं ते लिहीत नाही), तिथे म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, पलीकडे जा. पलीकडच्यांनी आधीच्या कार्यालयाचं पत्र मागितलं. ते पत्र कोणी देईना. पहाटेची एसटी, दुपारी दीडला 'साहेब मीटिंगला', अशा पाच चकरा. सहाव्या वेळी एकाने कागद उघडून बघितले आणि म्हणाला, "गुरुजी, यात तर घरी झालंय लिहिलंय." त्यावर मी काय बोलणार? तेव्हाच्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती, ती अशीच गेली.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: तासातला अर्धा वेळ नाटुकलीला द्या. एक मुलगा डॉक्टर, एक जखमी, एक मुकादम. मुकादम मधे मधे बोलणार. जखमी मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं: कुठे, कोणतं काम करताना, किती वाजता. आमच्या वर्गात पहिल्या वेळी चारातली तीन मुलं मुकादमाकडे बघून गप्प बसली. हसू नका, मीही तेच केलं होतं. शिवाय कामाला लागल्या दिवसापासून हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायची सवय लावा.

मग फळ्यावर हाताचा पंजा काढा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे भाव होते, म्हणजे बोट गेल्याने कमाईची ताकद किती गेली असं धरायचं ते: पूर्ण अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, तर्जनीची दोन पेरं ११. हे आकडे ऐकल्यावर वर्ग जितका शांत होतो तितका कुठल्याही पोस्टरने होत नाही. मी वकील नाही, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. तेव्हा मुदती आणि अर्जाचे नमुने जाणकाराला विचारूनच सांगा.

तुमच्या यादीत 'हातमोजे घाला' सरसकट लिहिलंय, ते तेवढं बदला. काजू फोडताना टरफलातल्या तेलाने कातडी जळते, तिथे हातमोजे हवेतच. पण फिरत्या पट्ट्याजवळ हातमोजा हातासकट आत जातो. मनगटातला दोरा, कडं, लोंबती ओढणी यांचंही तेच. दोरा काढायला सांगितलात तर एखादी आई शाळेत येईल, तयारी ठेवा. मी कामापुरता खिशात ठेवायला सांगतो.

आणि हा तास मे महिन्यावर ढकलू नका. १ जूनला मासेमारी बंद होते, पाऊस तोंडावर असतो, त्याआधी जेटीवर आणि कॅनिंगमध्ये सगळीकडे घाई. तोवर मुलं कामाला लागलेली असतात. मी दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी घेतो, वडापाव वाटायच्या आधी. नंतर घेतला तर कोणी थांबत नाही.