"कोसो दूर" म्हणू नका, आणि इब्न बतूताचा "दावा"

प्रश्न असा आलाय : चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याच्यावरच्या एका लेखात "तो मायदेशापासून कोसो दूर भटकत राहिला" असं वाक्य आहे, हे मराठीत चालतं का, आणि कोस म्हणजे नक्की किती किलोमीटर?

नाही चालत. हिंदीतलं "कोसों दूर" अनुस्वार झटकून आपल्याकडे आणून बसवलंय आणि आता रोज बातम्यांत, "हा नेता वादांपासून कोसो दूर", "ती प्रसिद्धीपासून कोसो दूर", ऐकून कान किटले. लगेच कोणीतरी म्हणणार की मराठीत हजारो, लाखो, शेकडो आहेत, मग कोसो का नको? अहो ते संख्याशब्द आहेत. मापाला आपण ओ लावत नाही, शब्द दुप्पट करतो : मैलोन्‌मैल, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं, एकरच्या एकर. तसंच कोसच्या कोस, नाहीतर सरळ हजारो कोस. "वर्षो आधी" म्हणता का कधी? आणि वादांपासून लांब राहायचं असेल तर मराठी माणूस चार हात लांब राहतो, वाऱ्याला उभा राहत नाही, त्याला कोस मोजायची गरज पडत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे, कारण ज्या माणसाबद्दल हे वाक्य लिहिलंय त्यानेच कोस हा शब्द लिहून ठेवलाय! १३०४ साली मोरोक्कोतल्या टँजिअरला जन्मलेला, १३२५ मध्ये हजसाठी एकटा निघालेला हा माणूस १३३३ च्या सप्टेंबरात सिंधू नदीवर पोचला, आणि त्याच्या हिंदुस्थानच्या हकिगतीत अगदी सुरुवातीलाच टपालाची व्यवस्था येते. सिंधहून दिल्ली पन्नास दिवसांची वाट, पण पत्र पाच दिवसांत दिल्लीच्या सुलतानाच्या, मुहम्मद तुघलकाच्या हातात, याचं त्याला फार अप्रूप. घोड्यांच्या टपालाला तो "उलाक" म्हणतो, तो तुर्की शब्द. पायी टपालाबद्दल सांगताना म्हणतो की इथे मैलाला "कुरूह" म्हणतात. हा कुरूह म्हणजेच आपला कोस, फारसी बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला.

कोस आला संस्कृत क्रोशावरून, आणि क्रोश म्हणजे ओरडणं, हाक. आक्रोश त्यातलाच. म्हणजे मोठ्याने हाक मारली तर जिथवर ऐकू जाईल तेवढं अंतर तो कोस. संस्कृतात कोल्ह्याला क्रोष्टु म्हणतात तेही ओरडतो म्हणूनच, आणि माझ्या मते आपला कोल्हा त्याच घरातला. जुन्या मापांत गोरुत नावाचं एक माप आहे, गायीचं हंबरणं पोचेल तेवढं अंतर, असे चार गोरुत म्हणजे एक योजन. "हाकेच्या अंतरावर" हे आपण आजही बोलतो ना, तेच हे. आणि हल्ली मराठीत "नशिबाला कोसणं" शिरलंय ते हिंदी "कोसना"सुद्धा याच क्रोशाचं पोर, तेही नको, नशिबाला आपण बोल लावतो. (गावकुसातला कूस मात्र वेगळा, तो इथे आणू नका.)

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते. इब्न बतूता म्हणतो की या मैलाचे तीन भाग करतात आणि त्या प्रत्येक भागाला "दावा" म्हणतात, दावा म्हणजे मैलाचा तिसरा हिस्सा. दर दाव्याला एक गाव, गावाबाहेर तीन राहुट्या, त्यात कंबर कसून बसलेली माणसं. प्रत्येकाकडे दोन हात लांब काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात काठी, आणि जीव खाऊन पळायचं. पुढच्या राहुटीतला माणूस घंटा ऐकूनच उठून तयार, पत्र घेतलं की तोही काठी वाजवत सुटला. तो स्पष्ट लिहितो की हे टपाल घोड्यांपेक्षा वेगवान होतं, खुरासानची फळंसुद्धा असंच पळवत आणत, आणि सुलतान दौलताबादेत असला की त्याच्यासाठी गंगेचं पाणी, चाळीस दिवसांच्या वाटेवरून!

हा "दावा" कोर्टातला नाही, कोर्टातला दावा अरबीच आहे, त्याची ओळख इब्न बतूताला परकी म्हणून करून द्यावी लागली नसती. एका जुन्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा उतारा "डाक" शब्दाखाली टाकलाय आणि तेव्हापासून दावा म्हणजे डाकच असं समजणारी मंडळी आहेत. मला हे साफ अमान्य आहे. डाकचा क गेला कुठे? अरबीत क नाही असं थोडंच आहे, उलाकच्या शेवटी त्याच्या कानाला आलेला आवाज त्याने लिहिलाच ना. अरबीत नाही तो ध! ध ऐकला की अरब लिहिणार द. दावा म्हणजे धाव, बस. आणि "तिसरा हिस्सा" हा अर्थ स्वतः इब्न बतूताने दिलाय म्हणून तोच धरायचा हेही मला पटत नाही, त्याने ही हकिगत मोरोक्कोतल्या फेझला परतून १३५५ च्या सुमारास इब्न जुझै या लेखनिकाला सांगितली, शब्द ऐकून वीस वर्षं उलटली होती. कोणीतरी त्याला सांगितलं असणार की इथून तिथपर्यंत एक धाव, अशा तीन धावांचा कोस, आणि त्याच्या डोक्यात धाव म्हणजे तृतीयांश असं बसलं.

धाव हे अंतराचं नाव कसं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी मोटेची जुनी विहीर बघावी. बैल मोट ओढताना ज्या उतरणीवरून जातात तिचं नावच धाव. मोट तळापासून थारोळ्यापर्यंत, म्हणजे ती वर जिथे रिकामी होते तिथवर, यायला बैलांना जेवढं चालावं लागतं तेवढी तिची लांबी, तिथून बैल मागे फिरतात. एक खेप, एक धाव. टपालवाल्याचंही तेच, पुढच्या राहुटीपर्यंत पळायचं आणि तिथे थांबायचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतो तिथेही धाव म्हणजे पळणं नाही, पळण्याची हद्द. माझ्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे.

आणि घंटा काही त्याच्याबरोबर संपल्या नाहीत, इंग्रजांच्या काळातल्या टपाल पळवणाऱ्यांच्या भाल्यालाही घुंगरं असायची.

किलोमीटर राहिले. आपल्याकडे कोस म्हणजे ढोबळमानाने दोन इंग्रजी मैल, सव्वातीन किलोमीटर धरा, पण तो मुलखामुलखाला बदलतो. लेखातलं वाक्य "तो मायदेशापासून हजारो कोस दूर भटकत राहिला" असं करा.