वाचकांचे प्रश्न: दाट गवतातल्या बाससाठी सामान कोणतं?

प्रश्न: डिसेंबरात चार महिन्यांसाठी फ्लोरिडाला मुलीकडे जायचं आहे. घरामागच्या तळ्यात बास हे शिकारी मासे भरपूर आहेत, पण निम्मं तळं कमळाच्या पानांनी आणि हायड्रिला या पाणगवताने भरलंय. इथे मी रोहू-कटल्यासाठी तरंडा लावून 12 पौंडी नायलॉन वापरतो. जावई म्हणतात 65 पौंडांची दोरी लागेल. दोन किलोच्या माशाला एवढी? आणि सामान इथून न्यावं का?
(राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: जावयांचं बरोबर आहे. पौंड म्हणजे दोरी तुटण्याआधी पेलते तो भार, आणि 65 हा आकडा गवताच्या हिशेबाने आलाय, माशाच्या नाही. मोकळ्या पाण्यात दोन किलोचा बास तुमच्या 12 पौंडी नायलॉनवर सहज निघेल. पण गळ लागताच तो सरळ खाली, देठांच्या जाळ्यात शिरतो. दोन वेढे पडले की दोरीवर माशासोबत चार-पाच किलो ओलं गवतही येतं. त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांतच त्याचं तोंड वर वळवावं लागतं. इथे मासा खेळवून दमवायची आपली सवय सोडून द्या.

नायलॉन इथे दुसऱ्या कारणानेही फसतं. ओढल्यावर ते आपल्या लांबीच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकं ताणतं, म्हणजे पंधरा मीटरवर मारलेला हिसका वाटेतच विरतो. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, जवळजवळ ताणतच नाही, शिवाय बारीक असते. 50 पौंडी ब्रेड जाडीला साधारण 12 पौंडी नायलॉनएवढीच भरते आणि ताणात कोवळे देठ कापत येते. पानांमध्ये 50 पौंडी पुरेल, हायड्रिलाचं पाण्यावर दाट छप्पर झालं असेल तिथे 65 घ्या. फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळ जोडलेला कमी दिसणाऱ्या दोरीचा तुकडा, या कामाला नको. दाट गवतात माशाला दोरी दिसण्याची चिंता नसते, आणि जोडाची गाठ मात्र देठांत अडकते.

दोरी जड घेतली की बाकीचं सामानही जडच हवं, आणि नवशिक्याचे पैसे बहुधा इथेच वाया जातात. जाड ब्रेडला बारीक तारेचा गळ लावला तर गळ सरळ होतो. हलका रॉड लावला तर मासा उचलताना टोकाकडचा भाग मोडतो. एकच रॉड घ्यायचा असेल तर 7 फूट 3 इंच, हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन घ्या: टोक थोडं वाकणारं, खालचा दांडा ताठ. सोबत 7:1 (मुठीच्या एका फेऱ्यात चकतीचे सात) किंवा त्याहून वेगवान बेटकास्टिंग रील, म्हणजे फेकताना जिची चकती स्वतः फिरते ती. तिच्या मुठीच्या एका फेऱ्यात सुमारे 75 सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते, म्हणजे सुटी दोरी चटकन आवरता येते. ड्रॅग, म्हणजे माशाच्या ओढीला दोरी सुटू देणारा रीलचा ताण, जवळजवळ पूर्ण घट्ट ठेवा. हाताने जोरात ओढल्यावरच दोरी सुटावी. मासा वर काढताना रॉड उभा करून उचलू नका, कारण तो डोक्याच्या वर गेला की सगळा भार पातळ टोकावर येतो.

आमिष मात्र समोरचं गवत पाहून ठरवा. पाण्यावर पसरलेल्या पानांवर पोकळ रबरी बेडूक. हायड्रिला पाण्याखाली असेल आणि मध्ये भोकं दिसत असतील, तर मऊ प्लास्टिकचं आमिष टेक्सास पद्धतीने, म्हणजे गळाचं टोक आमिषाच्या अंगात लपवून, पुढे 14 ग्रॅमचं वजन लावून. वर पक्कं छप्पर धरलं असेल तर 28 ते 42 ग्रॅमचं वजन लावून ते भोसकावं लागतं, त्यालाच पंचिंग म्हणतात. त्यासाठी गळ जाड तारेचा, सरळ दांड्याचा, 4/0 किंवा 5/0 आकाराचा आणि आमिष आटोपशीर हवं. लांब शेपट्या आणि पाय असलेलं आमिष छपरातच लटकून राहतं. वजन टंगस्टनचंच घ्या. शिशापेक्षा त्याची घनता दीडपटीहून जास्त, म्हणून तेवढ्याच भाराचा गोळा लहान होतो आणि फटीतून जातो. वजनाच्या वर दोरीत रबरी स्टॉपर सरकवा, नाहीतर वजन खाली जातं आणि आमिष वरच राहतं.

किती ग्रॅम ते तळ्यावरच ठरतं. छपरावर आपटून तिथेच पडून राहिलं तर सात ग्रॅम वाढवा. आरपार सहज जात असेल तर कमी करून पाहा, कारण बास पुष्कळदा आमिष खाली पडतानाच उचलतो. म्हणून पडताना दोरीवर नजर ठेवा. मध्येच थांबली किंवा बाजूला सरकली तर लगेच हिसका द्या. वजन गवतात अडकलं तर मात्र जोराने ओढू नका. न ताणणाऱ्या दोरीवरचं टंगस्टन सुटलं की थेट तोंडावर येतं. चष्मा घाला, रॉड सरळ रेषेत धरून हळूहळू मागे सरका. दोरी हाताला गुंडाळायची तर मुळीच नाही, बोट कापतं. एखाद्या काठीला गुंडाळून ओढा.

आता नेण्याचं. तिथे चांगले जड रॉड बहुतेक एकसंध मिळतात आणि सात फुटांचा दांडा विमानात नेणं म्हणजे उगाच डोकेदुखी. रॉड तिथेच घ्या. रील, गळ आणि वजनं चेक-इन सामानात नेता येतील, पण सरळ सांगायचं तर वजनंही तिथेच घ्या, सामानाच्या किलोंमध्ये ती महाग पडतात. फ्लोरिडात गोड्या पाण्यात मासेमारीचा परवाना लागतो. 65 वर्षांवरील सूट तिथल्या रहिवाशांनाच आहे, पाहुण्यांना नाही. तळ्यात मगरींचे भाऊबंद अॅलिगेटर असतील असं धरूनच चाला. काठावर गुडघे टेकून मासा काढू नका, पकडलेले मासे दोरीला बांधून पाण्यात ठेवू नका.

आणि गंमत पाहा. तो हायड्रिला आपल्याच बाजूचा आहे. 1950च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून तो फ्लोरिडात गेला आणि तिथली तळी भरून टाकली. त्याचा एवढासा तुकडाही नवं झाड धरतो. म्हणून दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी रील, बूट, पिशवी सगळं झटकून घ्या.

प्रश्न: महागडी ब्रेड घेतली, पण गाठ सुटते आणि जोरात ओढलं की सगळी दोरी रीलवरच गोल फिरते. दोरी खराब निघाली का?
(सुदामानगर, इंदूर)

उत्तर: दोरी ठीक आहे. ब्रेड गुळगुळीत असते आणि नायलॉनची गाठ तिच्यावर घसरते. रीलच्या चकतीवर आधी आठ-दहा मीटर नायलॉन घट्ट गुंडाळा, त्याला ब्रेड जोडा. मग ती फिरणार नाही. ब्रेड भरताना ओल्या कापडाच्या चिमटीतून ताणून भरा. सैल भरलेली दोरी पहिल्या मोठ्या ओढीला खालच्या वेढ्यांत रुतते आणि पुढच्या फेकीला तिथेच अडते.

गाठ पालोमार घाला. पंधरा सेंटिमीटर दोरी दुहेरी करा, तो फास गळाच्या डोळ्यातून ओवा, दुहेरी दोरीची साधी गाठ सैल ठेवा, फासातून अख्खा गळ काढा, थुंकीने ओलं करून दोन्ही टोकं एकत्र ओढा. शेपूट पाच मिलिमीटर ठेवा. पंचिंगच्या सरळ गळाला स्नेल गाठ चांगली. दोरी गळाच्या अणकुचीदार टोकाच्या बाजूने डोळ्यात घालून दांड्यावर सात-आठ वेढे द्यायचे. वजन खाली दाबलं गेलं की गळाचं टोक आपोआप बाहेर वळतं. दोरी उलट्या बाजूने घातली तर टोक आत वळतं आणि मासे निसटतात.

प्रश्न: गावाजवळच्या कमळतळ्यात मरळ रबरी बेडकावर जोरात उडी मारते, पण दहात आठ वेळा गळ रिकामा येतो.
(महू)

उत्तर: पाणी उसळलेलं पाहताच तुम्ही हिसका देता. तेव्हा बेडूक बहुधा मरळीच्या तोंडात पूर्ण गेलेला नसतो, तुम्ही तो ओढून काढता. बासच्या बाबतीतही नेमकं हेच होतं. रॉड खाली ठेवून "एक, दोन" म्हणा, दोरीवर वजन जाणवलं की सुटी दोरी गुंडाळा आणि मग वर जोरात ओढा.

तरी निसटत असेल तर बेडूक दाबून पाहा. सहज चेपून गळाची दोन्ही टोकं उघडी पडली पाहिजेत. कडक असेल तर गरम पाण्यात मिनिटभर ठेवा. पक्कडीने टोकं दोन-तीन मिलिमीटर बाहेर वाकवा. जास्त वाकवली तर प्रत्येक पान अडकेल. पाय लांब असतील तर एक-दोन सेंटिमीटर कापा आणि दर काही फेकींनंतर आतलं पाणी पिळून काढा. मरळीच्या जबड्याचं हाड टणक, म्हणून बोथट टोक चालत नाही. नखावर घासून पाहा, घसरत असेल तर कानस फिरवा. दात बारीक आहेत, दोरी कुरतडतात. दर माशानंतर शेवटचा मीटर बोटांत फिरवा, खरखरीत लागला तर कापून नव्याने गाठ घाला.

पाण्यावर नारिंगी-लाल पिल्लांचा थवा दिसला तर तिथे आमिष टाकू नका. खालची मरळ पिल्लं राखत असते आणि ती गेली की थवाही जातो. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्या आणि नद्यांशी जोडलेल्या पाण्यात मासेमारीला बंदी असते. गावतळं बहुधा मत्स्य समितीच्या पट्ट्यावर असतं, आधी त्यांना विचारा. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. तिथल्या पाणपक्ष्यांच्या गवतात गळ टाकायला जाऊ नये, असं आमचं मत.

प्रश्न: बेटकास्टिंग रीलवर दोरीचं घरटंच होतं. साधी स्पिनिंग रील चालेल का?
(तिलकनगर, इंदूर)

उत्तर: बेडूक फेकायला खुशाल वापरा: 4000 आकाराची रील, 40 पौंडी ब्रेड, मीडियम-हेवी रॉड. 28 ग्रॅमच्या पंचिंगला मात्र ती कमी पडते. बेटकास्टिंगच शिकायचं असेल तर चकतीचा ताण असा लावा की अंगठा उचलल्यावर वजन सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच चकती थांबेल. ब्रेक सर्वात जास्तवर ठेवून सुरुवात करा, फेकताना अंगठा दोरीवर हलका टेकलेला ठेवा आणि आमिष पाण्याला लागायच्या क्षणी तो दाबा. वाऱ्याच्या विरुद्ध फेकणं सध्या नको.